विज्ञानकथेचा चष्मा लावून नगरची सफर

विज्ञानकथा वाचणाऱ्याला एक खोड लागते. समोरची गोष्ट तो जशीच्या तशी मान्य करत नाही. ही अशी का झाली, झाली नसती तर काय, आणि असेच चालत राहिले तर पुढे काय, हे प्रश्न त्याच्या डोक्यात सतत घोळतात. आमच्या घरात ही खोड जयंत नारळीकरांच्या कथांमुळे शिरली. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी 1974 मध्ये त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली आणि ती पहिली आली, हा किस्सा आमच्या मुलांना तोंडपाठ आहे. दादींना मात्र हे सारे फुकटचे वाटे. "खोट्या गोष्टी वाचून पोरं काय शिकणार?" असे त्या म्हणत. वाद घालण्यापेक्षा मे महिन्याच्या सुटीत आम्ही त्यांनाही गाडीत बसवले आणि नगर जिल्हा, म्हणजे आताचा अहिल्यानगर, फिरायला निघालो.

पहिला मुक्काम पारनेर तालुक्यातील निघोज. इथे कुकडीच्या पात्रात काळ्या खडकाला शेकडो रांजणखळगे पडले आहेत. काही वाटीएवढे, काही माणूस बुडेल इतके खोल. हा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे गरगर फिरत राहिले आणि त्यांनीच तो कोरून काढला. धाकटा म्हणाला, "हा दुसराच ग्रह आहे." दादींच्या तोंडून "सुब्हानअल्लाह" निघाले. जमिनीवर फिरून सृष्टीची सुरुवात कशी झाली ते पाहायला सूरह अनकबूतमध्ये सांगितले आहे, याची आठवण त्यांनीच करून दिली.

नगरकडे येताना एका वस्तीवर टँकरभोवती हंड्या-कळशांची रांग लागली होती. थोरलीला 'ड्यून' आठवली. फ्रँक हर्बर्ट यांची ही 1965 ची कादंबरी एका वाळवंटी ग्रहावर घडते. तिथल्या लोकांच्या बोलीत अरबी शब्द बरेच आहेत. पाण्याचा तर थेंबन् थेंब मोजलेला. अंगावरचा घामही वाया जाऊ नये, तो शुद्ध होऊन पुन्हा पिता यावा, असा पोशाख ते घालतात. आपल्याला हा हिशेब नवा नसावा. रसूलुल्लाह (स.) एका मुद्द पाण्यात वुजू करत, असे सहीह हदीसमध्ये आले आहे. मुद्द म्हणजे साधारण पाऊण लिटर. जुहरच्या वेळी मुलांनी एकेका बाटलीत तेवढेच पाणी घेऊन वुजू करून पाहिले. जमले, आणि तळाशी थोडे उरलेही. घरी नळ सोडून वुजू करताना किती पाणी जाते, ते बादली लावून मोजायचे तिथेच ठरले.

फराहबागेत हाच विषय पुढे सुरू राहिला. निजामशाहीतला हा अष्टकोनी महाल 1583 च्या सुमारास पुरा झाला. त्याच्या चारी बाजूंनी तलाव होता. जाड भिंती, उंच घुमट आणि पाण्यावरून येणारा वारा. वीज नसतानाची ही गारव्याची सोय. शहरासाठी कापूरवाडी, शेंडी अशा आसपासच्या गावांकडून जमिनीखालच्या नळांनी पाणी आणलेले होते. त्या काळच्या माणसाला ही विज्ञानकथाच वाटली असेल. पडक्या भिंतींपुढे उभे राहून 'आपले गेलेले वैभव' म्हणत उसासे टाकण्याची आपल्याकडे सवय आहे. तो उतार कसा काढला असेल, हे कोणी मुलांना विचारत नाही. आम्ही विचारले, आणि त्यावर अर्धा तास भांडण चालले.

शहा डोंगरावरील तीन मजली इमारतीला लोक चांदबिबीचा महाल म्हणतात, पण ती सलाबतखानाची कबर आहे. चांदबिबीची खरी जागा म्हणजे किल्ला. 1595-96 च्या वेढ्यात मोगलांनी सुरुंगाने तट फोडला, तो तिने एका रात्रीत बांधून घेतला. रुकैया सखावत हुसेन यांनी 1905 मध्ये 'सुलतानाज ड्रीम' लिहिली. त्या कथेतल्या बाया सूर्याच्या उष्णतेने शत्रूला पळवून लावतात आणि ढगांतून थेट पाणी उतरवून घेतात. थोरलीच्या मते रुकैयाबेगमना चांदबिबी माहीत असणारच. आम्हाला पुरावा ठाऊक नाही, पण कल्पना आवडली.

किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, ओळखपत्र जवळ ठेवावे. 1942 च्या ऑगस्टमध्ये नेहरू, पटेल यांच्याबरोबर मौलाना आझादांना इथे आणले. इथूनच त्यांनी मित्राला, हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना पत्रे लिहिली. ती टपालात पडू शकत नव्हती. 1946 मध्ये 'गुबार-ए-खातिर' या नावाने छापली गेली. 1943 च्या एप्रिलमध्ये कलकत्त्यात बेगम जुलैखा वारल्या, तेव्हाही मौलाना इथेच कैदेत होते.

त्याच पत्रांत खोलीतल्या चिमण्यांची हकिकत आहे. आधी मौलानांनी त्यांच्याशी युद्ध पुकारले, घरटी काढली. ऐकेनात, तेव्हा तह केला. तांदळाचे दाणे टाकले, रोज थोडे अंतर कमी केले, शेवटी चिमण्या हातावर येऊन बसू लागल्या. परग्रहावरच्या जिवाशी पहिली ओळख कशी करावी, यावर इतकी चांगली कथा आम्ही वाचलेली नाही, आणि ही खरी आहे.

पुस्तक उर्दूत आहे. आमच्या मुलांना उर्दू वाचता येत नाही. आता रात्री इशानंतर दादी वाचतात, मुले मध्येच थांबवून मराठीत अर्थ विचारतात. चिमण्यांचे पत्र दोनदा झाले. धाकट्याने अलिफ-बे गिरवायला घेतले आहे.