पाठीवरचे बिऱ्हाड

मोटारीमागे जोडावयाच्या एका चिमुकल्या फिरत्या निवाऱ्याला अमेरिकेत त्याच्या आकारावरून ‘टिअरड्रॉप’, म्हणजे अश्रुबिंदू, म्हणतात. तो प्रचारात आला १९३०च्या दशकात, महामंदीच्या काळात. १९४७ साली ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ या मासिकाने त्याचे आराखडे छापले. तो घरच्या आवारात स्वहस्ते बांधण्याची हौस आजही टिकून आहे.

त्याचे माप बहुधा ठरते ते प्लायवुडच्या आठ फूट लांब, चार फूट रुंद तक्त्यावरून. आत दोन माणसे आडवी होतात. उभे राहण्याची सोय नाही. स्वयंपाकाची जागा मागे, वर उचलावयाच्या झाकणाखाली. स्वयंपाक करणाऱ्याने उभे राहावयाचे ते उघड्यावरच.

बांधणाऱ्याची खरी कसोटी शेवटी लागते. भिंतींचा बाक साधला, वर ॲल्युमिनियमचा पत्रा चढला, की काम संपल्यासारखे वाटते. परंतु झाकणाच्या बिजागरीपाशी वा पत्र्याच्या सांध्यांतून पाणी झिरपले, तर प्लायवुडचे थर सुटतात, लाकूड कुजते. काम पुरे झाले की नाही, हे बांधणारा ठरवीत नाही, पाऊस ठरवतो.

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो तेव्हा त्यात अस्थिरता अभिप्रेत असते. महामंदीत असंख्य अमेरिकन कुटुंबे घर सुटले म्हणून रस्त्यावर आली. त्याच काळात हा अश्रुबिंदू हौसेने रस्त्यावर आला. दोहोंतील अंतर निवाऱ्याच्या आकाराचे नव्हे. हौशी प्रवाशाला परतावयास घर असते; म्हणूनच त्याला अपुरेपणाही निवडून घेता येतो. ज्याला परतावयास घर नाही, त्याच्या वाट्याला तो न निवडताच येतो.