एशिया नावाचा पाषाण

१७ एप्रिल १८६१ रोजी मद्रास वेधशाळेतून नॉर्मन पॉगसन यांना सापडलेला ‘६७ एशिया’ हा लघुग्रह मला विशेष जवळचा वाटतो. आशिया खंडातून लागलेला हा लघुग्रहाचा पहिला शोध. नाव खंडाचे, शोधक मात्र इंग्रज. याची थोडी रुखरुख वाटतेच. मंगळ व गुरू यांच्या कक्षांमधील मुख्य पट्ट्यातला हा सिलिकेटी, एस-वर्गीय पाषाण सुमारे ६० किलोमीटर व्यासाचा आहे. सूर्यप्रदक्षिणेस त्याला पावणेचार वर्षे लागतात; स्वतःभोवती तो सुमारे १६ तासांत फिरतो. दुर्बिणीत नुसता ठिपका दिसणाऱ्या या दगडाची गिरकी कळते ती त्याच्या तेजाच्या चढउतारांवरून. ते तेज मोजण्याची पट्टीही पॉगसन यांचीच, १८५६ सालची: पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभरपट तेज.