गादीचं वजन

माझ्या माहेरी कडक अंथरूण हा गुण समजला जायचा. बाबा नुसत्या सतरंजीवर झोपायचे आणि आल्यागेल्याला ते सांगायचेही. कुणाची पाठ धरली की "जमिनीवर झोप, आपोआप जाईल" हा सल्ला डॉक्टरच्या आधी शेजारून यायचा. मऊ गादी आजाऱ्याची, नाहीतर ऐदी माणसाची. लग्न होऊन पुण्याला आले तर सासरीही तोच कारभार. फरक इतकाच की इथे सतरंजीऐवजी काथ्याची टणक गादी होती आणि तिच्यावर 'ऑर्थोपेडिक' असं शिवलेलं होतं. गादीवर हा शब्द विकणारे घालतात, हाडांचे डॉक्टर नव्हेत, हे कळायला पुष्कळ वर्षं जावी लागली.

मी कुशीवर झोपणारी. पन्नाशीनंतर पहाटे हात बधिर होऊन जाग यायला लागली. कूस बदलली की थोड्या वेळानं दुसऱ्या हाताचं तेच. फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला त्यांच्या टेबलावर कुशीवर झोपवलं आणि ह्यांना बोलावून मागून बघायला सांगितलं. खांदा आणि खुबा टेकलेला, मधली कंबर अधांतरी, त्यामुळे मणका धनुष्यासारखा वाकलेला. खांद्याला आणि खुब्याला आत येऊ द्यायचं आणि कंबरेला मात्र खालून उचलून धरायचं, ही दोन्ही कामं जी गादी करेल ती घ्या, असं बाई म्हणाल्या. 2003 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला स्पेनमधल्या डॉक्टरांचा एक अभ्यासही त्यांनी सांगितला. कंबरदुखी जुनी झालेल्या 313 जणांपैकी काहींना कडक गादी दिली, काहींना मध्यम कडक, आणि कुणाला कुठली मिळाली ते कळू दिलं नाही. 90 दिवसांनी मध्यम गादीवाल्यांना जास्त आराम पडलेला होता. बाबा असते तर म्हणाले असते, स्पेनच्या लोकांना कष्टाची सवय नाही.

लॅटेक्सचं नाव बाईंनीच काढलं. दाबलं की दबतं आणि जोर काढला की लगेच वर येतं, म्हणून कुशीवर झोपणाऱ्यांना ते बरं पडतं, एवढंच त्या म्हणाल्या. पुढची चौकशी मी माझ्या भावाकडे केली, कारण लॅटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक, आणि तो आमच्या घरचा.

माझं माहेर दोडामार्ग तालुक्यातलं. केरळहून आलेल्या लोकांनी आमच्याकडे जमिनी घेऊन रबर लावलं, आणि त्यांचं बघून भावानंही काजूच्या वरच्या अंगाला रबराची रोपं घातली. हे झाड तसं केरळचंही नव्हे. 1876 मध्ये हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजानं ॲमेझॉनच्या खोऱ्यातून हजारोंनी बिया लंडनच्या क्यू बागेत नेल्या, तिथे जी थोडी रोपं उगवली त्यांतली सिलोनला आली. केरळात पेरियार नदीकाठच्या थट्टेकाडला पहिला व्यापारी मळा 1902 साली झाला. आमच्या भावापर्यंत यायला झाडाला आणखी शंभर वर्षं लागली, आणि चीक काढण्याजोगं व्हायला वर सात.

मी माहेरी गेले की पहाटे त्याच्याबरोबर बॅटरी घेऊन जाते. चीर अंधारातच द्यायची असते. रात्रभरात झाडात पाणी भरलेलं असतं, सालीत दाब असतो, आणि चीक चांगला धावतो. ऊन चढलं की दाब उतरतो. वाकड्या सुरीनं सालीचा दोऱ्याएवढा पापुद्रा तिरका काढतात. फार खोल गेली तर झाड जायबंदी होतं. मग त्या तिरक्या पन्हळीतून थेंब थेंब पांढरा चीक वाटीत पडत राहतो. त्यात रबर साधारण तिसरा हिस्सा, उरलेलं बहुतेक पाणी. भाऊ तो ट्रेमध्ये ॲसिड घालून थिजवतो, रोलरमधून काढतो, धुराला लावतो आणि शीट करून व्यापाऱ्याला देतो. त्यातलं बहुतेक टायरच्या वाटेला जातं. म्हणजे आमच्या झाडांचा चीक माझ्या गादीत असण्याची काही शक्यता नव्हती. गादीला चीक पातळच लागतो. तो थिजू नये म्हणून त्यात अमोनिया घालतात, आणि ताक घुसळून लोणी काढावं तसा यंत्रात गरगरा फिरवून पाणी काढत 60 टक्के रबरापर्यंत दाट करतात.

त्याचा फेस करून गादी बनवण्याची युक्ती 1929 ची, बर्मिंगहॅमच्या डनलॉप कंपनीतली. तिथल्या ई. ए. मर्फी ह्यांनी चीक फेटून फेटून फुगवला आणि तो फुगलेलाच थिजवला. आजही हीच पद्धत 'डनलॉप' नावानं चालते: फेस साच्यात ओतायचा, वाफेनं शिजवायचा, आणि मग गादी भरपूर पाण्यानं धुवायची. 'टॅलाले' नावाची दुसरी पद्धत आहे, तिच्यात साच्यातली हवा ओढून फेस गोठवतात आणि मग शिजवतात. पोत जास्त एकसारखा येतो आणि किंमतही चढते. लॅटेक्सच्या गादीला दिसतात ती आरपार भोकं हवा खेळण्यासाठी असतात असं दुकानदार सांगतात. ती हवेलाही उपयोगी पडतात, पण त्यांचं खरं काम साच्यातलं. फेसातून उष्णता आत पोचत नाही, म्हणून साच्यात धातूचे खुंट असतात, ते आतपर्यंत उष्णता नेतात. भोकं ही त्या खुंटांची जागा.

एवढं पाठ करून आम्ही दुकानं धुंडाळायला निघालो. पहिल्याच मोठ्या दुकानात विक्रेत्या मुलानं '100 टक्के नॅचरल लॅटेक्स' म्हणून एक जाडजूड गादी दाखवली. मी म्हटलं, बाळा, चेन उघड. तो म्हणाला, मॅडम, वॉरंटी जाईल. दाखवायच्या गादीची कसली वॉरंटी? शेवटी उघडली. वर जेमतेम दोन इंच पांढरं लॅटेक्स आणि खाली सहा इंच करडा फोम. त्या मुलाचा दोष नव्हता, त्यालाही ते पहिल्यांदाच दिसत असावं. पण तेव्हापासून माझा एक नियम झाला. खोळीला चेन नसेल, किंवा असून उघडायची परवानगी नसेल, तर ती गादी बघायचीच नाही.

आणि शंभर टक्क्यांचं म्हणाल तर अख्खी गादी शंभर टक्के रबर असूच शकत नाही. फेस टिकवायला साबण लागतो, शिजवताना गंधक आणि झिंक ऑक्साइड लागतं, नाहीतर ती गादी होणारच नाही. प्रश्न असतो तो आतलं रबर झाडाचं की कारखान्यातलं, हा. स्टायरीन आणि ब्युटाडायीनपासून केलेलं कृत्रिम लॅटेक्स स्वस्त पडतं आणि दोन्हींची सरमिसळ सर्रास चालते. हाताला फरक कळेल ह्या भरवशावर राहू नये. कागद बघावा, आणि कागद कसला आहे तेही बघावं. 'जीओएलएस' प्रमाणपत्र असेल तर कच्चा माल किमान 95 टक्के प्रमाणित सेंद्रिय लॅटेक्सचा असावा लागतो. 'ओको-टेक्स' मात्र घातक रसायनं तपासतं. कृत्रिम मालालाही ते मिळू शकतं. एका दुकानात ओको-टेक्सचा कागद नैसर्गिकपणाचा पुरावा म्हणून फ्रेम करून लावलेला होता.

वजनाची कल्पना मात्र ह्यांची. हे निवृत्त इंजिनियर, हिशेबाशिवाय ह्यांना झोप येत नाही, मग गादी कुठलीही असो. आमच्या पलंगाचं माप 72 बाय 78 इंच. सहा इंच जाडी धरली तर गादी अर्ध्या घनमीटरहून थोडी जास्त, 0.55. लॅटेक्सची घनता घनमीटरला 80 किलो धरली तर वजन 44 किलो भरायला हवं. तेवढाच 32 घनतेचा फोम असेल तर 18 किलोच. ह्यांनी सगळीकडे एकच विचारायचा सपाटा लावला: वजन किती? विक्रेते किंमत, हप्ते, उशा फुकट, सगळं सांगत. वजन कुणाला ठाऊक नसे. नैसर्गिक की कृत्रिम हे वजनावरून कळत नाही हे खरं. पण लॅटेक्स म्हणून फोम गळ्यात बांधला जात असेल तर ते काट्यावर लगेच उघडं पडतं.

शेवटी शहराबाहेरच्या एका लहान कारखान्याच्या दुकानात मनासारखं माणूस भेटलं. मालकीणबाईंनी स्वतःच चेन उघडली आणि वजनाचा आकडा न विचारता सांगितला. मग म्हणाल्या, "झोपा." दुकानात, परक्या माणसांसमोर, साडी सावरत आडवं व्हायचं म्हणजे अवघडच. पण हाताचा तळवा दाबून गादी निवडणं काही कामाचं नाही, तळव्याला कंबर नसते. मी कुशीवर चांगली पंधरा मिनिटं पडून राहिले. ह्यांनी मागून मणका बघितला, तोही मोबाइलमध्ये पट्टीचं चित्र काढून. ह्यांचं वजन माझ्याहून बरंच जास्त, त्यामुळे मला जी बरोबर वाटे तीत हे बुडत. बाईंनी खाली चार इंच कडक थर आणि वर दोन इंच मऊ असं करून दिलं, दोन्ही डनलॉप पद्धतीचे. सात झोनवाली गादीही होती. खांद्याला मऊ पट्टा, कंबरेला कडक, वगैरे. माझी उंची पाच फूट, आणि तिच्या खांद्याच्या पट्ट्यावर माझे कान येत होते. ते पट्टे कुणाच्या मापानं काढतात देव जाणे.

माझी भाची नर्स आहे आणि हातमोज्यांनी तिला पुरळ येतं, म्हणून मी ॲलर्जीचंही विचारलं. शिजवण्यात आणि धुण्यात चिकातली प्रथिनं पुष्कळ कमी होतात, वर खोळ असते. तरी ज्याला रबराची ॲलर्जी आहे त्यानं आधी डॉक्टरला विचारावं, असं बाई सरळ म्हणाल्या. गादी विकायला बसलेलं माणूस 'घेऊ नका' असंही म्हणू शकतं, हे बघून मी तिथेच पैसे दिले. 42,000 रुपये.

गादी आली ती गुंडाळलेली, दोघा हमालांना जिन्यात घाम फोडत. लॅटेक्सला धरायला कड नसते, ते हातातून ओघळतं. आठवडाभर खोलीत रबराचा गोडसर वास होता. पहिल्या काही रात्री पाठ उलट जास्तच दुखली, मग अंग सरावलं. हात बधिर होणं थांबलं. हे कूस बदलतात ते मला आता कळत नाही. ह्यांचं घोरणं मात्र तसंच आहे, आणि रात्री अकरापर्यंत मोबाइल बघितल्यावर झोप येत नाही तीही तशीच येत नाही.

खरी पंचाईत झाली ती वैशाखात. आमच्या सासूबाई दर वर्षी पावसाच्या आधी घरातल्या सगळ्या गाद्या गच्चीवर टाकून घेतात. कापसाच्या गादीला ऊन दाखवायलाच हवं. त्यांनी गड्याला सांगून ठेवलं होतं आणि नवी गादी दाराशी येऊन थांबली होती. मी आडवी आले. लॅटेक्सला ऊन चालत नाही. उन्हानं आणि हवेतल्या ओझोननं ते पिवळं पडतं, ठिसूळ होतं, त्याचा भुगा होतो. सासूबाईंनी शांतपणे विचारलं, "अगं, मग वास मारायला लागली तर?" प्रश्न वाजवी होता. आमचा पलंग खाली कप्पे असलेला, प्लायवूडचा. दमट हवेत गादीच्या पोटाला वारा लागणार कुठून? सुताराला बोलावून प्लायला भोकं पाडून घेतली, आणि पावसाळ्यात अधूनमधून गादी एका बाजूनं उचलून सावलीत पंखा लावते. सासूबाईंना तशीच गादी देऊ म्हटलं तर त्या बसून बघून म्हणाल्या, पाय टेकत नाहीत. ते खरंच होतं. त्यांच्या पलंगावर ती घातली असती तर रात्री उठताना त्या पडल्या असत्या. त्यांची कापसाचीच गादी पिंजाऱ्याकडून पिंजून घेतली, वर नवं कापड शिवलं, आणि त्या खूश आहेत.

दिवाळीत भाऊ आला तेव्हा आम्ही त्याला आमची खोली दिली. सकाळी चहा पिताना त्यानं वजन विचारलं. साडेतीन-चार किलो सुकं रबर दर झाडाला वर्षाचं, असं बोटांवर मोजून म्हणाला, "म्हणजे अकरा झाडांचो वर्साचो चीक झालो गो ताई." मग किंमत विचारली. रबर किलोला दोनशेच्या आसपास धरून पुन्हा बोटं मोजली. "नऊ हजारांचा रबर. मगे उरलेले तेहतीस हजार खंय गेले?"

फेटण्याला, वाफेला, टेम्पोला आणि दुकानाच्या भाड्याला, असं मी म्हटलं. त्याला काही ते पटलं नाही. पुढच्या हंगामात शीट करण्याऐवजी पातळ चीकच घेणारा कुणी मिळतो का, ते बघतो म्हणाला.