बर्गे कोण घालणार?

पाऊस ओसरला की माझा जीव बंधाऱ्यांकडं लागतो. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे खांबांमध्ये बसवून पाणी अडवायच्या लोखंडी फळ्या, ऑक्टोबरात, ओढ्याची धार बारीक व्हायच्या आत घालायचे आणि वळवानंतर, मोठ्या पावसाआधी काढायचे. आठ दिवस उशीर झाला, तर धार निघून जाते आणि काँक्रीटचे खांब कोरडे उभे राहतात.

पाणलोटाच्या कामात मी नवा होतो, तेव्हा माण तालुक्यातल्या एका गावात असा बंधारा बांधला. काम चोख झालं, मांडव पडला, नारळ फुटला. तिसऱ्या वर्षी गेलो तर बर्गे गंजलेले, रबर उंदरांनी कुरतडलेलं आणि बर्गे ठेवायच्या खोलीची किल्ली कुणाकडं आहे हेच कुणाला सांगता येईना. सिमेंटचा हिशोब मी पै-पैचा ठेवला होता. किल्लीचं मात्र विचारलंच नव्हतं.

त्यानंतर मी येरळाकाठी, खानापूर तालुक्यात बळीराजा धरण पाहायला गेलो. १९८० च्या दशकात मुक्ती संघर्षाच्या चळवळीतून बळवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी ते उभारलं. ठेकेदार नदीची वाळू उपसत होते. लोकांनी वाळूवरचा हक्क झगडून मिळवला आणि थोडी वाळू विकून धरणाला पैसा उभा केला. पाण्याचा वाटा भूमिहीनांनाही ठरवला. बांधाआधी वाटप ठरलं होतं. ज्याचा वाटा आहे, तो रात्री उठून गळती बघतो. हे मला तिथं उमगलं.

कोरेगावच्या वेळूनं २०१६ साली गावांच्या पाणलोट कामांची पहिली वॉटर कप स्पर्धा जिंकली. श्रमदानाचे ते ४५ दिवस सगळ्यांच्या लक्षात आहेत. पण डोंगरावरचे समतल चर दोन-तीन पावसांत गाळानं भरत येतात, सांडव्याचे दगड सुटतात, बांधाला खेकडे भोकं पाडतात. त्या दुरुस्तीला ना ढोल ना हलगी. ती दरसाल, गुपचूप करावी लागते.

म्हणून आता आखणीची दोरी धरण्याआधी मी ग्रामसभेत विचारतो: किल्ली कुणाकडं? रबराचे पैसे कुठून? उत्तर येईपर्यंत कुदळ मारत नाही. एका हंगामाचा उशीर झाला तरी चालतो.

माणमधल्या त्या जुन्या गावात पुन्हा बैठका घेतल्या. पाणी घेणाऱ्या प्रत्येक घराची वर्गणी ठरली, किल्ली बचत गटाच्या बायकांकडं गेली. गेल्या ऑक्टोबरात मी घाईनं पोचलो, तर बर्गे बसलेले होते, फटींत चिकणमाती दाबलेली होती, पाणी हातभर चढलं होतं. मला कुणी कळवलंही नव्हतं.