आमचा सुलतान अजून बाळच आहे!

मुरुडला आमच्या घरी 5 महिन्यांचा ग्रेट डेन आहे. उंची वासराएवढी, अक्कल मात्र केजीतली! बाबांना त्याला किनाऱ्यावर बाइकमागे पळवायचंय. आजी म्हणते, "वाढतं अंग आहे, कॅल्शियमच्या गोळ्या द्या." प्रेमच आहे हो! पण छोटी कुत्री वर्षभरात मोठी होतात, याला दीड-दोन वर्षं लागणार. तोवर हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चा असते; तिथूनच हाड वाढतं. फार पळवलं तर तिला इजा होते. जादा कॅल्शियम पिल्लाच्या शरीराला नीट अडवता येत नाही, मग हाडंच वाकडी वाढतात.

सिव्हिलवाल्यांनो, स्लॅब दुसऱ्या दिवशी कडक दिसतो, तरी काँक्रीटला आपण 28 दिवस देतोच ना? मीही सहा फुटी, वय 20. नातेवाईक विचारतात, "पुढे काय?" काका, जरा थांबा. उंची आधी येते, ताकद मागून!