पांढरा किती दिवस पांढरा?

शाळेच्या सभागृहात नवा प्रोजेक्टर बसला ही बातमी माजी विद्यार्थी संघाच्या पानावर आपण वाचली असेलच. देणगीदारांची नावे तिथे आहेत, म्हणून पुन्हा देत नाही. जवळजवळ दुप्पट किमतीचा नग का घेतला, असे कार्यकारिणीतील दोन-तीन ज्येष्ठांनी मला विचारले होते. सभेत पाच मिनिटांत सांगून होण्यासारखे ते नव्हते. म्हणून हा लेख.

सुरुवात झाली बारावीच्या रसायनशास्त्राच्या वहीतून. क्षार ओळखताना ज्योतीचा रंग बघतात. कॅल्शियमची ज्योत विटेसारखी लाल, स्ट्रॉन्शियमची गडद किरमिजी, बेरियमची हिरव्या सफरचंदासारखी. वर्ग मोठा, बर्नर थोडे, म्हणून सरांनी ज्योतीचे चित्रण पडद्यावर दाखवले. एका मुलीने कॅल्शियमपुढे लिहिले, "पिवळट तपकिरी". गुण कापले गेले. ती वही घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, पुस्तकात काय आहे ते मला पाठ आहे. पण निरीक्षणाच्या रकान्यात जे दिसलं तेच लिहायचं ना?"

मी सभागृहात जाऊन बघितले. तिला तेच दिसले होते. मी गुण द्यायला सांगितले. सरांनाही ते पटले, थोडे कुरकुरत का होईना.

दोष जुन्या प्रोजेक्टरच्या दिव्याचा. तो पाऱ्याच्या वाफेचा. अशा दिव्यात निळा-हिरवा भरपूर, लाल मुळातच तोटका. त्यातून दिवा म्हातारा झाला की उजेड उतरतो आणि रंगही ढळतो. हे इतके हळू होते, की रोज बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

नवा प्रोजेक्टर लेसर आणि फॉस्फर यांवर चालतो. पदवीपर्यंत माझे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. घरी मराठी आणि अभ्यासाला मध्यप्रदेश हिंदी ग्रंथ अकादमीची पुस्तके, हे इंदूरच्या आमच्या पिढीतल्या अनेकांना ठाऊक आहे. त्यामुळे या विषयातला पहिला शब्द मला हिंदीतून भेटला : प्रतिदीप्ति. एका रंगाचा प्रकाश पिऊन पदार्थाने दुसऱ्या रंगाचा प्रकाश ओकायचा. जॉर्ज स्टोक्स यांनी 1852 साली क्विनाइनच्या द्रावणावर हे दाखवले. बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी आत गेलेल्यापेक्षा जास्त असते, म्हणजे ऊर्जा कमी.

हे आपल्या स्वयंपाकघरातही दिसते. चिमूटभर हळद थोड्या स्पिरिटमध्ये घाला (गॅसपासून दूर!), गाळ खाली बसू द्या आणि अंधारात निळ्या एलईडीची टॉर्च त्यावर धरा. द्रावण हिरवट पिवळे उजळते. निळा उजेड आत, पिवळा बाहेर. आता त्या पिवळ्यात थोडा मूळचा निळा मिसळला, की डोळ्याला पांढरे दिसते. घरातला बहुतेक एलईडी बल्ब असाच पांढरा होतो.

मग प्रोजेक्टरमध्ये हळदच का नको? याचे उत्तर आपल्या आज्यांना माहीत होते. पांढऱ्या कपड्यावर हळदीचा डाग पडला तर काय करायचे? धुवून उन्हात टाकायचा. डाग उडतो, कारण हळदीतला रंगद्रव्याचा रेणू प्रकाशानेच मोडतो. अकरावीच्या मुलांनी हळद फासलेल्या कागदाचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकून गच्चीवर ठेवला. काही दिवसांनी उघडा भाग फिका पडला आणि टॉर्चखाली तो झाकलेल्या भागाइतका उजळेना. उजेड देणारी वस्तू उजेडानेच मरते, ही या सगळ्या कामातली खरी अडचण.

म्हणून हळदीच्या जागी स्फटिक आला : यिट्रियम, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचा गार्नेट, त्यात किंचित सेरियम मिसळलेले. सेरियमचा अणू निळा प्रकाश घेतो आणि सेकंदाच्या सुमारे दीड कोटीव्या भागात पिवळा देऊन मोकळा होतो, पुढचा घ्यायला तयार. काही लाल फॉस्फर याहून बरेच सावकाश असतात. त्यांच्यावर फार प्रखर निळा टाकला तर घेणारे अणू शिल्लकच राहत नाहीत, आणि जास्त टाकलेला निळा वाया जातो.

निळा प्रकाश स्वस्तात मिळायलाही वेळ लागला. जपानच्या शिकोकू बेटावरच्या निचिया या कंपनीत शुजी नाकामुरा यांनी 1993 मध्ये प्रखर निळा एलईडी केला. ही कंपनी आधीपासून फॉस्फर बनवत होती, हे मला फार आवडते. पुढे निळसर लेसरही तिथेच झाला. 2014 चे भौतिकशास्त्राचे नोबेल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना मिळाले. नाकामुरा हे तिथल्याच तोकुशिमा विद्यापीठाचे, टोकियोचे नव्हेत. आपल्या गावात, आपल्या भाषेत शिकून पुढे काय होणार, असे मला विचारणाऱ्या पालकांना मी हे नाव सांगते.

एलईडी असताना लेसर कशाला, हा प्रश्न एका पालकांचा. एलईडीत विजेचा प्रवाह वाढवत नेला की त्याची कार्यक्षमता घसरते, आणि त्याचा उजेड चहूकडे पसरतो. प्रोजेक्टरला उजेड एका लहानशा खिडकीतून न्यायचा असतो. लेसर तो दोन-चार मिलिमीटरच्या ठिपक्यावर गोळा करू शकतो.

पण ठिपका लहान म्हणजे ताप मोठा. 450 नॅनोमीटरचा निळा घेऊन 550 नॅनोमीटरचा पिवळा दिला, तर सारे काही आदर्श असूनही सुमारे 18 टक्के ऊर्जा उष्णता होऊन तिथेच राहते. 100 वॅट निळ्यामागे 18 वॅट, आणि तीही हरभऱ्याएवढ्या जागेत. फॉस्फर तापला की उजेड कमी देतो. जो उजेड दिला नाही त्याची पुन्हा उष्णताच होते, म्हणून तो आणखी तापतो. यावर उपाय फार साधा आहे : फॉस्फरचा पट्टा ॲल्युमिनियमच्या चकतीवर लावायचा आणि चकती मिनिटाला हजारो फेऱ्यांनी फिरवायची. एका जागेवर क्षणभर मार, मग उरलेली फेरी वाऱ्यावर. पोळी तव्यावर फिरवतो तसेच. आता फॉस्फर सिलिकोनच्या गोंदात न मिसळता सिरॅमिक करूनही वापरतात, ते ताप जास्त सोसते.

रंग टिकण्याचे गणित वेगळे. पिवळा फॉस्फरमधून येतो, निळा थेट लेसरमधून. फॉस्फर थकला तर पिवळा घटतो, निळा तसाच राहतो आणि पांढरा निळसर होतो. चांगल्या यंत्रात आत संवेदक असतो. तो दोन्ही रंग मोजतो आणि निळा त्या प्रमाणात खाली आणतो. उजेड थोडा जातो, रंग राहतो. आणि लाल? सेरियमच्या पिवळ्यातून गाळलेला लालही तोटकाच. म्हणून काही यंत्रांत वेगळा लाल लेसर घालतात. पण लाल लेसर उष्णतेने निळ्यापेक्षा लवकर मंदावतो, म्हणजे तिथे पुन्हा रंगाचा तोल सांभाळणे आले.

विक्रेत्याने 20,000 तासांचे आयुष्य सांगितले. दिवसाला 4 तास, वर्षाला 220 दिवस धरले तर ही जवळजवळ 23 वर्षे होतात. इंदूरच्या धुळीत पंखे इतके टिकतील असे मला वाटत नाही. शिवाय या धंद्यात आयुष्य म्हणजे उजेड निम्मा होईपर्यंतचा काळ. मी विचारले, "तेव्हा पांढरा किती पांढरा असेल?" पहिल्या विक्रेत्याकडे उत्तर नव्हते. दुसऱ्याने संवेदक असलेले यंत्र आणून लावून दाखवले. आमच्या कॅल्शियमच्या ज्योतीचे चित्रण त्यावर विटेसारखे लाल दिसले. तेच घेतले.

ज्योतीची परीक्षा मात्र आता प्रयोगशाळेतच, पाच-पाच मुलांच्या गटाने, खऱ्या बर्नरवर होते. सरांचा त्यात एक तास जास्त जातो.

पडद्याशेजारी आम्ही पांढऱ्या, लाल, हिरव्या, निळ्या आणि पिवळ्या कागदाच्या पट्ट्या लावल्या आहेत. महिन्याच्या पहिल्या शनिवारी पडदे ओढून त्याच रंगांचे चौकोन पडद्यावर टाकायचे, पट्ट्यांवर खोलीतला तोच ठरलेला दिवा लावायचा, आणि दोन्ही ताडून वहीत लिहायचे. ही वही त्याच मुलीने सुरू केली. जुलैपुढे तिने लिहिले आहे : "पांढरा ठीक. लाल ठीक. पिवळा पट्टीपेक्षा किंचित हिरवट वाटतो. पट्टी उन्हाने फिकी झाली आहे का, ते आधी बघावे."