के स्ट्रीटवरची चक्कर

वॉशिंग्टनला जाणारी आपली मंडळी व्हाइट हाउससमोर फोटो काढतात, लिंकनचा भव्य पुतळा पाहतात आणि परततात. इंदूरहून कोणी आलं, की मी आणखी एक रस्ता सुचवतो. के स्ट्रीट. फॅरगट नॉर्थ मेट्रो स्टेशनातून वर आलात की समोरच.

खरं तर तिथे पाहण्यासारखं काही नाही. साधारण एकाच उंचीच्या कार्यालयांच्या इमारती. १९१० च्या कायद्यामुळे या शहरात गगनचुंबी काही उभं राहत नाही. पण दलाल स्ट्रीट म्हटलं की शेअर बाजार, तसं के स्ट्रीट म्हटलं की लॉबिंग. बऱ्याच कंपन्या आता दुसरीकडे गेल्या, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

लॉबिंग म्हणजे लाच नव्हे. सरकारकडे गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क तिथल्या राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीतच आहे. १९९५ च्या कायद्यानुसार पगारी लॉबिस्टला नोंदणी करावी लागते, कोणासाठी आणि कोणत्या विषयावर काम केलं ते सांगावं लागतं. ही कागदपत्रं कोणीही ऑनलाइन वाचू शकतं. अलीकडे या कामावर वर्षाला ४ अब्ज डॉलरहून जास्त खर्च होतो. औषध कंपन्या, शेतकरी संघटना, विद्यापीठं, कामगार संघटना, सगळेच रांगेत.

याच रस्त्यावर १३०१ क्रमांकाच्या इमारतीत 'वॉशिंग्टन पोस्ट'चं कार्यालय आहे. बातमी गाजली की लोक आपापल्या खासदाराला फोन करतात आणि तिथले कर्मचारी कोणत्या विधेयकाच्या बाजूने किती, विरोधात किती, याची नोंद ठेवतात.

मग कॅपिटॉलकडे जा. दोन्ही मोठ्या पक्षांची मुख्यालयं तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. सरकारी कार्यालयातून निवडणूक निधी मागायला बंदी आहे, म्हणून अनेक खासदार पक्षाच्या इमारतीत जाऊन देणगीदारांना फोन लावतात. प्रतिनिधीगृहाची निवडणूक दर २ वर्षांनी, त्यामुळे हे फोन कधी थांबतच नाहीत.

हे सगळं मी आवडीने वाचतो, कारण माझं घर त्यावर अडलंय. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार आणि एका देशाला मर्यादा ७ टक्क्यांची. भारतीय अर्जदार भरपूर, म्हणून आमची रांग वर्षानुवर्षं हलत नाही. ही मर्यादा काढणारं विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं. दोन्ही पक्षांची मतं त्यात होती. सेनेटमध्ये मात्र एकमताचा मार्ग धरला होता आणि तिथे एका सदस्याची हरकतही पुरते. इतर देशांच्या अर्जदारांना आपली रांग लांबेल अशी धास्ती होती आणि तीही खोटी नव्हती. डिसेंबर २०२० मध्ये सेनेटने बदललेला मसुदा मंजूर केला. पण दोन्ही मसुदे जुळण्याआधीच त्या काँग्रेसची मुदत संपली. विधेयक संपलं.

मला तिथे मत नाही. तरी गेल्या खेपेस मी आमच्या प्रतिनिधीच्या कार्यालयात गेलो. सुरक्षा तपासणी झाली की कोणालाही आत जाता येतं. पंचविशीतल्या एका मुलीने माझं म्हणणं शांतपणे लिहून घेतलं आणि पत्त्याचा पिनकोड विचारला. लॉबिस्टकडे पैसा असतो, वृत्तपत्राकडे वाचक. आमच्याकडे एवढंच, पण ते वहीत तरी चढलं. तुम्ही किंवा तुमचं कोणी तिथे राहत असेल, तर जरूर जा. तिकीट लागत नाही.